रेषेचा शब्द

एखादी गोष्ट आपल्याला आवडते एवढे सांगणे सोपे असते. ती का आवडते हे सांगू लागले की माणूस बहुधा भलतेच कारण पुढे करतो. हाताने चितारलेल्या व्हिडिओ गेम्सविषयी गेली दोन-तीन वर्षे मी जे वाचतो आणि ऐकतो आहे, त्यात हा प्रकार मला पुनःपुन्हा आढळला. हे खेळ देखणे आहेत याविषयी फारसे दुमत नाही. पण त्यांच्या देखणेपणाची जी कारणे सांगितली जातात, ती एखाद्या फसलेल्या खेळालाही तितकीच लागू पडतात. ज्या कारणाने चांगले आणि वाईट यांत निवड करता येत नाही, ते कारण समीक्षेच्या काय कामाचे?

हा प्रश्न मी आपण होऊन अंगावर घेतलेला नाही. तो माझ्या पुतणीने घातला. ती इथे नाशकातच, कॉलेज रोडवर राहते. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा तिने दिल्या आहेत. तिच्या हातात सदैव पेन्सिल असते. पेन्सिल नसेल तेव्हा खेळ. गेल्या दिवाळीत पणत्या लावून झाल्यावर तिने मला ‘कपहेड’ नावाचा खेळ दाखविला आणि मध्येच तो थांबवून विचारले, “काका, आता एक वाक्य लिहिलं की मशीन असं चित्र काढून देतं. मग मी हात कशाला बसवायचा?”

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. हाताची सर यंत्राला येत नाही, कलेत जीव ओतावा लागतो, वगैरे. तिने मान डोलावली. पण ते उत्तर तिने घेतले नाही हे मला दिसले. खरे म्हणजे ते मीही घेतले नव्हते. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. ‘कपहेड’ २०१७ साली आला. चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉवर या दोघा कॅनडावासी भावांचा तो खेळ. डोक्याच्या जागी कप असलेला एक पोरगा आणि त्याचा तसाच भाऊ सैतानाच्या जुगारअड्ड्यात हरतात आणि सुटकेसाठी सैतानाच्या ऋणकोंकडून वसुली करीत फिरतात, एवढीच गोष्ट. हे ऋणको भलतेसलते आहेत: कोणी फूल, कोणी निळा गोळा. त्यांच्याशी झुंज म्हणजे खेळ. सगळी हालचाल १९३०च्या दशकातल्या अमेरिकन व्यंगचित्रपटांच्या, विशेषतः फ्लायशर बंधूंच्या, धाटणीची. प्रत्येक चित्र आधी कागदावर पेन्सिलीने काढलेले आणि मग शाईने गिरविलेले; रंग मात्र संगणकावर भरलेले. पार्श्वभूमी जलरंगात.

आता प्रचलित कारणे पाहू. पहिले कारण स्मृतीचे. जुन्या दिवसांची आठवण होते म्हणून ही चित्रे गोड वाटतात, असे म्हणतात. अमेरिकेतल्या एखाद्या आजोबांपुरते ते खरे असेल. पण माझ्या पुतणीला त्या दशकाची कसली आठवण? तिने फ्लायशरचे नावही ऐकलेले नव्हते. माझ्या पिढीची चितारलेली स्मृती म्हणजे दूरदर्शनवर लागणारा, विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४). त्या पाखरांचा ‘कपहेड’शी काडीचा संबंध नाही. तेव्हा आठवणीचे कारण नाशकापुरते तरी बाद होते. शिवाय उसनी घेतलेली धाटणी आपला इतिहासही बरोबर आणते. त्या दशकातल्या व्यंगचित्रपटांत काळ्या माणसांच्या टवाळीचा मोठा वाटा होता, आणि या खेळावर ती आठवण काही टीकाकारांनी करून दिली. ती त्यांनी करून दिली हे योग्यच झाले. रेषा उसनी घेतली तरी तिच्याबद्दल जाब द्यावा लागतो. ‘जाब’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

दुसरे कारण कष्टांचे. एवढी चित्रे हाताने काढली, त्या भावांनी राहती घरे गहाण टाकली, म्हणून खेळ थोर. निष्ठेपुढे मी नम्र आहे. परंतु निष्ठा म्हणजे सौंदर्य नव्हे. तांदळाच्या दाण्यावर स्तोत्र लिहिणाऱ्याचेही कष्ट थोडे नसतात. कष्ट मोजून कलेचे माप काढावयाचे ठरविले, तर सर्वांत थकलेला माणूस सर्वांत मोठा कलावंत ठरेल.

तिसरे कारण जरा अधिक विचार करून दिलेले असते. हाताची रेषा थरथरते, कुठे जाड तर कुठे बारीक होते, आणि या उणेपणात माणसाची ऊब असते, असे ते कारण. यात तथ्य आहे. पण ते टिकणारे नाही. थरथर ही सर्वांत सहज नक्कल करता येण्याजोगी गोष्ट आहे. यंत्राला सांगितले तर तेही थरथरीत रेषा काढून देते, आणि तिच्यातली ऊब अस्सल की उसनी हे आपल्याला डोळ्यांनी सांगता येत नाही. माझे दिवाळीतले उत्तर याच जातीचे होते, आणि म्हणूनच ते लटके पडले.

मग खरे कारण कोणते? ते शोधण्यासाठी मला माझ्याच जुन्या अनुभवाकडे जावे लागले. १९९०च्या दशकात नाशकातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही चोरून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) खेळत असू. जॉर्डन मेकनर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले होते, आणि ते चौकटीमागून चौकट गिरवून राजपुत्राची चाल घडविली होती. पांढऱ्या कपड्यांतला तो इवलासा माणूस खरोखर माणसासारखा धावे. पण एक गोष्ट छळीत असे. बटण सोडले तरी तो लगेच थांबत नसे. घेतलेले पाऊल तो पुरे करी, तोल सावरी आणि मगच उभा राही. तोवर खड्ड्यातल्या सुळ्यांनी त्याचा निकाल लावलेला असे. तेव्हा मला संताप येई. आज वाटते, त्या संतापातच या कलेचे मर्म होते.

चित्रपट आपण पाहतो. खेळात मात्र आपण चित्राला हात घालतो. चितारलेल्या हालचालीला स्वतःचा वेळ लागतो. उडी मारण्याआधी गुडघे वाकले पाहिजेत, ठोसा मारण्याआधी हात मागे गेला पाहिजे. ही मधली चित्रे गाळली तर हालचाल मरते. उलट खेळणाऱ्याला वेळ नको असतो. त्याला बटणाखाली तत्क्षणी उत्तर हवे असते. चित्रकाराचा काळ निराळा, खेळाडूचा निराळा, आणि हे दोन काळ एकाच पडद्यावर नांदवावयाचे आहेत. मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात लयीची जी तत्त्वे सांगितली, त्यांत संवादाच्या जोडीला विरोधालाही स्थान आहे. हाताने चितारलेल्या खेळाची लय ही अशा विरोधातून घडणारी लय आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त चित्रकाराचा काळ वरचढ ठरतो आणि खेळाडूला त्याची चाल शिकून घ्यावी लागते.

‘कपहेड’ हा तंटा निराळ्या तऱ्हेने सोडवितो. त्यातली चित्रे जुन्या चित्रपटांप्रमाणे सेकंदाला २४ या गतीने बदलतात. खेळाचा हिशेब मात्र सेकंदाला ६० वेळा होतो. आपला कपाळकरंटा नायक बटणासरशी उडी घेतो. त्याला फारसा नटवा वेळ दिलेला नाही. सगळा वेळ दिला आहे तो शत्रूंना. त्यात कार्नेशनचे एक फूल आहे. ते आधी गोड हसत डुलत असते, मग चेहरा वाकडा करून अंगावर येते. त्याचे तोंड ताणले जाऊन सगळे मैदान ओलांडते. कधी वरच्या अंगाने, कधी जमिनीलगत. पण त्याआधी ते मागे सरते, अंग आवळते. हे मागे सरणे म्हणजे निव्वळ नखरा नव्हे. ती सूचना आहे. माझी पुतणी त्या फुलाकडून डझनभर वेळा तरी मेली. मग एकदा, फूल हलण्याच्या आधीच, ती पुटपुटली, “आता येणार.” आणि ते आले, आणि ती वाचली.

त्या क्षणी माझ्या लक्षात आले की ती चित्र वाचीत होती. प्रदर्शनात भिंतीवरच्या चित्रापुढे आपण सरासरी किती वेळ उभे राहतो? आणि ही मुलगी एका रेषेच्या बाकाकडे, खांद्याच्या एका झुकावाकडे, प्राण पणाला लावून पाहत होती. लुटुपुटीचे का होईनात, पण प्राण. एरवी चित्राकडे दुर्लक्ष केले तर आपले काही बिघडत नाही. इथे बिघडते. या खेळाने पाहणे ही जगण्याची अट केली आहे.

आणि अशी अट घालावयाची तर चित्रकारालाही काही कबूल करावे लागते. फूल मागे सरले की ते झेपावणार, हा त्याने खेळाडूला दिलेला शब्द आहे. तो शब्द त्याने एकदा जरी मोडला, सूचना न देता घाव घातला किंवा सूचना देऊन काहीच केले नाही, तर खेळाडू चिडतो. ‘मी हरलो’ असे तो म्हणत नाही. ‘फसवलं’ असे म्हणतो. चांगल्या खेळात असे सहसा होत नाही. तिथे डझनभर वेळा मरूनही माझी पुतणी चित्रावर रागावली नाही. ती स्वतःवर रागावली. एवढा विश्वास तिने त्या रेषेवर टाकला होता. हाताने चितारलेल्या खेळाचे आकर्षण माझ्या मते इथे आहे. रेषा शब्द देते आणि पाळते.

हे मत मला आणखी दोन खेळांवर घासून पाहावयाचे आहे. कारण ज्या एका कलाकृतीवरून सिद्धान्त सुचला, तिच्यावरच तो सिद्ध करणे म्हणजे स्वतःलाच साक्षीदार नेमण्यासारखे आहे.

‘ग्रीस’ (२०१८) हा बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा खेळ. त्याचे चित्ररूप कोनराड रोसेट या चित्रकाराचे. ग्रीस म्हणजे स्पॅनिशमध्ये करडा. दुःखाने वाचा गेलेली एक मुलगी रंग उडालेल्या जगातून चालत राहते आणि एकेक रंग परत येतो. यात मरण नाही, शत्रूंशी झुंज नाही. जलरंगाचे ओघळ इतके सुंदर आहेत की कुठेही थांबवावे आणि चौकटीत लावावे. पण तीच त्याची अडचण आहे. कितीतरी वेळ आपण त्या चित्रातून नुसते वाटसरूसारखे जातो. चित्राला आपले आणि आपल्याला चित्राचे काही देणे लागत नाही. मात्र एक जागा अशी आहे, जिथे हा खेळ एकदम उंची गाठतो. वादळ सुटते, मुलगी मागे ढकलली जाते, आणि पुढे तिला एक शक्ती मिळते: तिचा झगा जड चौकोनी दगडासारखा होतो. वारा सुटला की बटण दाबून आपण तिला दगड करावयाचे आणि वारा पडेपर्यंत तसेच राहावयाचे. दुःखात माणूस दगड होतो हे वाक्य आपण हजारदा ऐकले आहे. इथे ते कोणी बोलत नाही. झग्याची रेषा बदलते, आणि आपल्या अंगठ्याला ते कळते. मरणाचे भय नसतानाही इथे रेषेने शब्द दिला आणि पाळला. तेव्हा भय ही अट नव्हे. रेषेवर आपले काही अवलंबून असणे ही अट आहे.

दुसरा खेळ आपल्या घरचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला. राजी ही डोंबाऱ्याच्या चपळाईची मुलगी. असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधीत निघते. या खेळाचे रंगरूप पहाडी चित्रशैलीवरून घेतले आहे, आणि कथेचे काही दुवे छायाबाहुल्यांतून सांगितले आहेत. आपल्याकडे असे काही झाले याचा मला अभिमान वाटतो, आणि म्हणूनच त्याच्याशी अधिक काटेकोर राहणे मला भाग आहे. ‘राजी’त मन गुंतते ते भिंतीवरच्या चित्रांपाशी आणि बाहुल्यांच्या सावल्यांपाशी, पण तिथे आपले हात रिकामे असतात. थांबून पाहावयाचे, ऐकावयाचे आणि पुढे जावयाचे. झुंज सुरू झाली की आपण पुन्हा त्रिमितीच्या जगात येतो. तिथे चपळाई आहे, पण त्या चित्रशैलीची रेषा शत्रूच्या हालचालीत उतरलेली नाही. चित्र भिंतीवर राहिले आणि खेळ अंगणात.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र पुढे धरून कथा सांगतात. ते चित्र हलत नाही. पण कथेकऱ्याचा स्वर त्या चित्रावर टेकलेला असतो, चित्र बदलल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. चित्रावर काहीतरी अवलंबून असण्याची ही जुनी रीत आपल्याकडे होती. ती पडद्यावरच्या खेळात यावयाची आहे, आणि पुण्याच्या या मंडळींनी तिच्या दारापर्यंत वाट करून दिली आहे, असे मी मानतो.

आता कोणी म्हणेल, शब्द देणे आणि पाळणे हेच मर्म असेल, तर त्यासाठी हाताने काढलेलेच चित्र कशाला हवे? हा आक्षेप बिनतोड आहे, आणि त्याचे उत्तर नाशकातच सापडते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने १९४४ साली नाशकातच देह ठेवला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सर्वांना ठाऊक असतो. पण त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चौकटी-चौकटींनी टिपली होती. आणि बिऱ्हाड नाशकास हलविल्यानंतर, १९१५ साली, ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पट केला. त्यात आगकाड्या आपसूक हलत. तो पट आज पाहावयास मिळत नाही. पण त्याची रीत उघड आहे. काडी ठेवावी, एक चौकट टिपावी, काडी किंचित सरकवावी, पुन्हा टिपावी.

फाळक्यांच्या त्या पटात रेषाच नव्हती, थरथर तर नव्हतीच. काड्या कारखान्यातल्या, सगळ्या सारख्या. मग त्यात फाळक्यांचे काय होते? दोन चौकटींच्या मधला निर्णय. काडी किती सरकवावयाची, कुठे थबकवावयाची, कोणती आधी आणि कोणती मागाहून, हे ठरविणारा हात दर वेळी चौकटीत शिरला आणि टिपण्याआधी बाहेर पडला. प्रेक्षकाला हात दिसत नाही. त्याने केलेली निवड दिसते. तेव्हा ‘हाताने काढलेले’ या शब्दांत महत्त्व हाताला नाही, पेन्सिलीलाही नाही. महत्त्व याला आहे, की प्रत्येक चौकटीपाशी ‘हे असे का?’ विचारले, तर त्याचा जाब देणारा कोणी आहे. हाताने काढताना हा जाब टाळता येत नाही, एवढाच हाताचा मोठेपणा. दर चित्रापाशी पेन्सिल थांबते आणि विचारते: आता पुढे काय? चोवीस वेळा विचारते, तेव्हा एक सेकंद होतो.

यंत्राच्या बाबतीत म्हणूनच मी माझे दिवाळीतले उत्तर मागे घेतो. हाताची सर यंत्राला येत नाही असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा येते, आणि पुढे अधिक येईल. यंत्राने दिलेली चित्रे समोर घेऊन एखादी मुलगी प्रत्येक चौकटीपाशी थांबली, हे ठेवीन, हे टाकीन, इथे खांदा झुकला पाहिजे, असे ठरवीत गेली, तर ती चित्रकारच आहे. काड्या फाळक्यांनी तरी कुठे केल्या होत्या? पण वाक्य लिहिले, चित्रे आली आणि ती तशीच लावली, असे झाले तर फूल मागे का सरले हे कोणालाच ठाऊक नसते. ते झेपावण्यासाठी सरले, की सरणारी फुले यंत्राने पुष्कळ पाहिली होती म्हणून सरले? पाहणाऱ्याला कदाचित फरक पडणार नाही. जिच्या प्राणांची बाजी त्या सरण्यावर लागली आहे, तिला पडतो. हात बसवावयाचा तो सुबक वळणासाठी नव्हे, तर ‘असे का?’ या प्रश्नाची सवय अंगात मुरावी म्हणून.

हे सगळे मी पुतणीला एकदम सांगितले नाही. इतके ऐकून घेण्याचे तिचे वय नाही. पण या पावसाळ्यात ती एक कागदांची चळत घेऊन आली. बोटाने भराभर सोडली की चित्र हलते अशी, बारा कागदांची. रामकुंडावर दिवा सोडावयास निघालेली एक बाई हातात द्रोण घेऊन पायऱ्या उतरते, एवढेच. रेषा अजून कच्ची आहे. द्रोण तर दर कागदावर थोडा लहान-मोठा होतो. मी चळत सोडली. सातव्या-आठव्या कागदापाशी बाई मध्येच अडखळल्यासारखी झाली; पाऊल पुढे गेले आणि तिथेच राहिले. मास्तरकीची सवय जात नाही. मी म्हटले, “इथे एक चित्र जास्त झालंय का गं? चाल तुटते आहे.”

“नाही काका,” ती म्हणाली, “ती पायरी ओली आहे.”

मी पुन्हा पाहिले. कागदावर पाणी कुठेच काढलेले नव्हते. बाई पायाने पायरी चाचपीत होती.